सुजाताचं काय निघालं, हे तू विचारलं नाहीस

सुखदेवभाऊ, फोटोवाल्याने तुझे डोळे पांढरे करून दिले. तुझ्या लग्नातला रंगीत फोटो मोठा करायला टाकला तेव्हा मी त्याला बजावून सांगितलं होतं, आहे तसा काढ. त्याने काय केलं, डोळ्यांतला पिवळेपणा ब्रशने पुसला, बसलेले गाल भरून काढले आणि ओठांवर लाली फिरवली. म्हणे, ‘भाऊ, मयताचा फोटो हाय, चांगला दिसला पाह्यजे.’ परवा विहारात, शोकसभेत, टेबलावर हार घालून जो बसला होता तो तू नव्हतास. सौंसरच्या कोण्या मोठ्या दुकानदाराचा जावई होता तो. सिकलसेलने ज्याचे डोळे जन्मभर हळदीसारखे राहिले, त्याचा आजार मेल्यावर एका ब्रशने बरा झाला. इतकं सोपं होतं तर तुला आधीच स्टुडिओत नेलं असतं.

मला शोकसभांचा तिटकारा आहे हे तुला माहीत आहे. जिवंतपणी ज्याला बसायला स्टूल दिलं नाही, त्याच्या फोटोला टेबल मिळतं. तुमचे मोठे सर जीप घेऊन आले होते. ‘सुखदेव आमच्या प्रकल्पाचा कणा होता,’ ते म्हणाले. कणा! भाऊ, थंडीत तुझा कणा असा ठणकायचा की तू भिंतीला टेकून बसायचास आणि मंदावहिनी गरम वीट फडक्यात गुंडाळून तुझ्या पाठीमागे सरकवायची. ती निवाली की दुसरी. त्या कण्याची गोष्ट सरांना ठाऊक नव्हती, कारण तुझ्या घरी ते कधी आलेच नाहीत. तू त्यांचा तपासणीच्या सामानाचा डबा उचलायचास, तेवढ्यावरून त्यांनी कणा ओळखला.

तू हे सगळं नेहमी आतून पाहिलंस, म्हणून तुला बाहेरून कसं दिसत होतं ते एकदा सांगतो. शहरातल्या एका संस्थेचं पथक सौंसर-पांढुर्ण्याच्या गावांत आलं. आपली लेकरं कशी वाढतात आणि ज्यांच्या रक्तात सिकलसेल आहे ती कशी जगतात, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. करा बाबा अभ्यास, माझं काही म्हणणं नाही. लेकरांना काट्याला टांगून वजन घेतलं, डोक्याला फीत लावली, ठोकळे देऊन खेळवून पाहिलं, शेवटी बोटातून रक्त घेतलं आणि गेले. पुढच्या हंगामात पुन्हा आले. पुन्हा काटा, पुन्हा फीत, पुन्हा रक्त. आपल्या आया काही वेड्या नव्हत्या. लेकराला टांगून तोललं की नजर लागते म्हणून त्या आत पळायच्या, आणि रक्ताचं नाव काढलं की दार लावायच्या. त्यांना बाहेर काढलं तू.

‘वो बाई, माह्याकडं पाह्य,’ तू म्हणायचास. ‘मले हाय हा आजार. लहानपणी घरात कोणाले माहीतच नव्हतं, म्हणून हाडं दुखली का मले ढोंगी म्हणत. तुह्या लेकराचं आधी माहीत पडलं त त्याचे हाल नाही होणार. रक्त दे. उत्तर मी आणून देतो.’

तुझ्या त्या पिवळ्या डोळ्यांवर भरवसा ठेवून त्यांनी लेकरांची बोटं पुढे केली. संस्थेवर नाही, भाऊ. तुझ्यावर.

सावरगावचा दिवस आठवतो? ठोकळे एकावर एक रचून मनोरा करायचा आणि त्यावरून पोराची बुद्धी कुठवर पोचली ते ठरवायचं, अशी सरांची परीक्षा. आणि परीक्षेला बसलेलं पोट्टं सावरगावचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड हाणतात, ती गोटमार बापाच्या खांद्यावर बसून पाहिलेलं. त्याने ठोकळ्यांचे दोन ढीग केले, एक ढीग सरांकडे सरकवला आणि आपल्यातला पहिला ठोकळा सरांच्या चष्म्यावर हाणला. मग दोन्ही हात डोक्यावर धरून बसला, आता तिकडून येणार म्हणून. सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

‘काय लिवलं, सर?’ तू विचारलंस.

‘सूचना समजत नाही.’

‘समजली ना, सर. त्यानं तुमचा वाटा तुम्हाले देला. आता तुमची पाळी हाय.’

त्या पोराची आजी पदर तोंडात कोंबून हसत होती. मी तर भिंत धरली. तू सरांना दिलेलं मी ऐकलेलं ते एकच उलट उत्तर, आणि तेही दुसऱ्याच्या पोरासाठी.

स्वतःच्या पोरीसाठी तुझी जीभ उचलायची नाही.

सुजाताचंही रक्त पहिल्याच फेरीत गेलं होतं. तूच तिला मांडीवर धरलं होतंस, बाकीच्या आयांना धीर यावा म्हणून. त्या दिवसापासून तू तिला बसवून ठेवलंस. पाण्यात जाऊ नको, उन्हात जाऊ नको, पळू नको, दम लागन. बापाला आहे म्हणजे पोरीला असणारच, या भीतीने तुमचं घर चालत होतं. जरा अंग तापलं की मंदावहिनी तिचे गुडघे चाचपायची. गल्लीतल्या पोरी लंगडी खेळायच्या आणि तुझी पोर ओट्यावर बसून कोण बाद झालं ते ओरडून सांगायची. पुढच्या फेरीत पथकातल्या बाईने तिला एका पायावर उडी मारायला सांगितलं, तर तिला येईना. ‘हिची वाढ थोडी मागे आहे,’ बाई म्हणाल्या. वाढ मागे नव्हती, भाऊ. तू दोन्ही हातांनी मागे ओढून धरली होतीस. आणि तरी तुला मी दोष कसा देऊ? तुला एकच गोष्ट कळायला हवी होती. तिला आहे की नाही. आहे म्हटलं तर सांभाळायचं, नाही म्हटलं तर सोडून द्यायचं. मधल्या मध्ये पोर ओट्यावर मोठी होत होती.

किती भांडलो आपण यावरून. मी म्हणायचो, ‘भाऊ, सरांना विचार ना, सुजाताचं काय निघालं.’

‘सगळ्यायचं येईन तवा तिचंही येईन.’

‘पण तू त्यांचा माणूस आहेस ना?’

‘म्हणूनच त नाही विचारत. मी माह्या पोरीचं पह्यले विचारलं, त रामाकोना गावची थे म्हातारी काय म्हणन? तिनं माह्या भरवशावर नातवाचं रक्त देलं.’

‘मग म्हाताऱ्या बाईच्या नातवाचं विचार!’

‘विचारीन ना. त्यायचं काम चालू हाय. तपासून राहिले असतीन. हे काही पर्चा छापणं नाही बाबू, का संध्याकाळी लिवला अन् सकाळी वाटला.’

पर्चा. मी पत्रकं काढायचो म्हणून हेच नाव पाडलं होतंस माझं. ‘का पर्चा, आज कोणाले झोडपलं?’ असं म्हणत सायकल भिंतीला लावायचास आणि स्टेन्सिल कापायच्या आधी माझा मजकूर वाचायला मागायचास. माझे हात सायक्लोस्टाईलच्या शाईने बरबटलेले, डोक्यात आग, आणि तू पेन्सिल घेऊन एकेक शब्द शांतपणे खोडतोयस. ‘एका पर्च्यात एक नराधम पुरे. दुसरा पुढच्या खेपेले ठेव.’ मग कोणता नराधम ठेवायचा आणि कोणता काढायचा यावर आपला वाद. तुझ्यामुळे माझ्या पर्च्यांतून कितीतरी नालायक माणसं सुटली. मला त्याचा अजून पस्तावा होतो.

पण दारात उभं कसं राहायचं हे मी तुझ्याकडूनच शिकलो, हे नाकारत नाही. मी अंगणात पाय ठेवला की घोषणा देऊन मोकळा. तू आधी पाणी मागायचास. ‘पाणी मागितलं का पाव्हणा घरचा होते,’ म्हणायचास. संत्र्याच्या बागायतदारांच्या दारातही मागायचास. त्यांच्यातल्या काहींना आपली जात माहीत असायची, ते तांब्या उंच धरून तुझ्या ओंजळीत वरून धार सोडायचे. मी असतो तर तांब्या अंगणात भिरकावला असता. तू घोटभर प्यायचास, हात पुसायचास आणि म्हणायचास, ‘हं, आता लेकरू दाखवा.’ त्यांचंही लेकरू जगावं असं तुला मनापासून वाटायचं. मला अजून तसं वाटत नाही, खोटं कशाला बोलू. तुला ते कसं जमायचं हे विचारायचं राहून गेलं, आणि विचारलं असतं तरी तू हसून टाळलं असतंस.

गोटमारीच्या दिवशी नदीकाठी तंबू लागतो. पट्ट्या, मलम, गाड्या, साहेबलोक, सगळं हजर. फुटलेलं डोकं सगळ्यांना दिसतं ना! ज्याचं हाड आतून ठणकतं त्याच्यासाठी कुठला तंबू? तू दरवर्षी तिथे जाऊन हात बांधून उभा राहायचास. ‘साहेब, असाच एक तंबू लेकरायच्या रक्ताच्या तपासणीले लागला त?’ साहेब काही म्हणायच्या आत मागून कोणीतरी रक्तबंबाळ डोकं घेऊन यायचा आणि तुला बाजूला सारलं जायचं. परतताना तू म्हणायचास, ‘ऐकून त घेतलं त्यायनं.’ ऐकून घेतलं म्हणे! तुझ्या या समाधानीपणाने माझं डोकं जितकं उठायचं तितकं शत्रूनेही कधी उठवलं नाही.

आणि मेलास कसा, तर थंडीने. ‘लेकराले पाणी पाजत राहा, थंडीत भिजू देऊ नका, ताप आला का वाट पाहू नका,’ हे गावोगाव सांगत फिरणारा तू. रामाकोन्याच्या पलीकडे नाल्याला पाणी होतं, जीप पुढे जाईना. सरांच्या पायात बूट होते. काटा आणि काचांचा डबा डोक्यावर घेऊन पाण्यात उतरलास तू, आणि येतानाही तूच. घरी आलास तेव्हा दात वाजत होते. अंग तापलं, छातीत कळ शिरली. मंदावहिनी म्हणाली, ‘दवाखान्यात चाला.’ तू म्हणालास, ‘उद्या सावरगावची फेरी हाय. थे झाली का जाऊ.’

ताप आला का वाट पाहू नका!

नागपूरच्या दवाखान्यात न्यायला छोट्या लाईनच्या आगगाडीत तुला बाकड्यावर निजवलं तेव्हा तुला बोलताही येत नव्हतं. ती गाडी म्हणजे प्रत्येक झाडाला रामराम करत जाणारी. नागपूर यायच्या आत तू गेलास. मी तुझे पाय धरून बसलो होतो. थंडगार होते. मी त्या वेळी रडलो नाही. मला तुझा इतका राग आला होता की रडायला जागाच नव्हती.

तर शोकसभा. कणा वगैरे झाल्यावर सर म्हणाले की पुढच्या फेरीला सुखदेवचं नाव देऊ, गावागावांत त्याचा फोटो घेऊन जाऊ, म्हणजे माता सहकार्य करतील. तुझ्या जिवंत डोळ्यांनी जे काम केलं ते आता रंगवलेल्या डोळ्यांकडून करून घ्यायचं. मी उठलो आणि ‘रक्तचोर’ म्हणून ओरडलो. मंदावहिनीने बसल्या जागेवरून हात केला.

‘थांब रे पर्चा. मले विचारू दे.’ ती उभी राहिली. ‘सर, आमच्या सुजाताचं का निंगालं?’

‘वहिनी, हा शोकाचा प्रसंग आहे. हे आपण नंतर...’

‘शोक माहा हाय, सर. अन् विचारून मीच राहिली.’

सरांनी समजावलं. फार गोड समजावलं. नळीवर नाव नसतं, नंबर असतो. कोणता नंबर कोणाचा हे कोणालाही कळू नये म्हणून ते ठेवलेलंच नाही. याला गोपनीयता म्हणतात. आणि अभ्यास एकेका मुलाचा नसतो, सगळ्या भागाचा असतो. भागाचा निष्कर्ष त्यांनी छापला आहे. कुठे, म्हणून मी विचारलं. परदेशात, म्हणाले.

मागे बसलेली रामाकोन्याची म्हातारी आपल्या नातवाला पुढे ओढत म्हणाली, ‘मंग माह्या पोट्ट्याले कसं समजन, थो भागात हाय का नाही?’

 म्हणजे उत्तर येणारच नव्हतं, भाऊ. कधीच येणार नव्हतं. तू दारोदार ज्याचं वचन देत फिरलास ते त्यांनी पहिल्या दिवशीच फेकून दिलं होतं. तुला हे माहीत होतं का? मी खूप विचार केला. नसणार. माहीत असतं तर तुला कोणाच्या दारात पाणी मागवलं नसतं.

पथकात या वेळी एक नवी डॉक्टरीण आली होती, माझ्याच वयाची असेल. मी तिलाही सरांच्याच रांगेत बसवून मनातल्या मनात शिव्या घालत होतो. ती चाचरत म्हणाली, ‘पण सर, हिच्या आईचं रक्त तपासलं असेल ना?’

सर टेबलाकडे पाहायला लागले.

‘माहं कायले?’ मंदावहिनीने विचारलं. ‘आजार त यायले होता.’

‘हा आजार व्हायला तो दोष आई आणि वडील, दोघांकडूनही यावा लागतो,’ डॉक्टरीण म्हणाली. ‘वडिलांकडून तर तो मुलीला आलेलाच आहे. पण तुमच्या रक्तात नसेल, तर तिला आजार होऊ शकत नाही. दोष तिच्या रक्तात नुसता राहील. तिच्या लग्नाच्या वेळी बघावं लागेल, पण ती आजारी नसेल.’

एवढंच. इतके हंगाम त्यांनी तुझ्या डोक्यावर डबा दिला, पण हे एवढं तुझ्या डोक्यात घालायला कोणाला सवड झाली नाही. आणि तू! एकदा तरी तोंड उघडून ‘सर, माझ्या पोरीचं काय’ असं म्हटलं असतंस, तर उत्तर मिळालं नसतं, पण ‘आईचं पाहिलं का’ एवढं तरी कोणी बोललं असतं. नाही विचारलंस. का, तर बाकीच्यांच्या आधी आपलं कसं विचारायचं. थूः तुझ्या त्या मोठेपणावर. मेलेल्या माणसाला असं बोलू नये म्हणतात. जिवंतपणीही बोललो होतो, तेव्हा कुठे ऐकलंस.

मंदावहिनीने बोट पुढे केलं. ‘घ्या.’

‘मातांचे नमुने आपल्या प्रकल्पात नाहीत,’ सर म्हणाले.

‘मी कुठं म्हणून राहिली प्रकल्पात घ्या म्हणून? बोटातून घ्या.’

डॉक्टरिणीने सरांकडे पाहिलं नाही. काचपट्टीवर थेंब घेतला, वर पातळ काच ठेवली आणि कडा बंद करायला काही सापडेना, तेव्हा पुढ्यात जळणाऱ्या मेणबत्तीचं मेण ओतलं. आत हवा शिरली नाही की दोष असलेल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सकाळी दिसेल, म्हणाली. मी विचारलं, हे इथे गावात होतं? ती म्हणाली, ‘होतं.’ 

सकाळी शाळेच्या ओसरीवर सूक्ष्मदर्शक मांडला, खालचा आरसा उन्हाकडे फिरवला. डॉक्टरिणीने खूप वेळ पाहिलं. मग म्हणाली, ‘तुम्ही बघा.’ मंदावहिनीने पदर सावरून डोळा लावला.

‘गोल गोल दिसून राहिले.’

‘वाकलेलं एखादं दिसतं?’

‘नाही वो बाई. सगळे टिकल्यावाणी.’

‘मग तुमच्याकडे तो दोष नाही. मुलीला हा आजार नाही.’

मंदावहिनी तशीच डोळा लावून उभी राहिली. तिला बाजूला करायची कोणाची छाती होईना. मागे बायकांची रांग लागली होती. एकजण घरी जाऊन नवऱ्याला दाढीचा साबण गालावर असतानाच घेऊन आली. तो म्हणत होता, ‘माहं कायले?’ आणि ती म्हणत होती, ‘दोघायचं पाह्यजे म्हणते, चूप बस.’ रामाकोन्याची म्हातारी सून आणि मुलगा दोघांना घेऊन सगळ्यांच्या पुढे घुसली. सर जीपमध्ये जाऊन बसले होते. त्यांना कोणी बोलावलं नाही.

सुजाता शाळेच्या पायरीवर बसली होती, हात मांडीवर ठेवून, तिच्या नेहमीच्या बसण्याने. मैदानात पोरी पाठशिवणी खेळत होत्या. मंदावहिनी तिच्यापाशी गेली.

‘ऊठ वो. जा, खेळ.’

ती उठून उभी राहिली. ‘पळू?’

‘पळ.’

‘जोरात?’

‘जोरात पळ.’

तरी ती हलली नाही. आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘बाबानं नाही म्हटलं हाय.’

मंदावहिनीने तोंड फिरवून घेतलं आणि मला खूण केली, तू सांग. मला पर्चे लिहिता येतात, भाऊ. सरांना भर सभेत चोर म्हणता येतं. पण त्या पोरीला तिच्या बापाचा शब्द मोड म्हणून सांगायला माझं तोंड उघडलं नाही. तो शब्द तुझा होता. तो मागे घ्यायला तूच पाहिजे होतास.